मुलांवर उगारलेला हात आणि कायदा

सन १९७९ मध्यें स्वीडन देशांतील कुटुंबें सकाळीं न्याहारीस बसत, तेव्हां दुधाबरोबर एक नवा कायदाहि त्यांच्या मेजावर येत असे. त्या देशांत दूध पुठ्ठ्याच्या खोक्यांतून विकलें जातें. सुमारें दोन महिनेपर्यंत या खोक्यांवर सरकारनें एक माहिती छापविली होती. आईबापांनीं मुलांना मारूं नये असा कायदा देशांत झाला आहे, हा तिचा आशय. बाप ती वाचीत असे, आई वाचीत असे, आणि नुकतेंच अक्षरें जुळवूं लागलेलें मूलहि पेला रिकामा होईपर्यंत तीच वाचीत असे. ज्याच्या रक्षणासाठीं कायदा झाला त्याच्याच डोळ्यांपुढें त्याचा मजकूर जावा, अशी योजना जगांत क्वचितच झाली असेल.

कायदा करणें विधिमंडळाच्या हातीं असतें. तो घराच्या उंबरठ्याआंत नेणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे. चोरी किंवा लांच यांविरुद्ध कायदा असतो, तेव्हां समाजाचें मन कायद्याच्या बाजूला असतें. परंतु मुलाला मारणारा मनुष्य बहुधा चोर नसतो किंवा दुष्टहि नसतो. तो दिवसभराच्या कामानें दमलेला बाप असतो. किंवा नोकरी, स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास यांच्या ओढाताणींत सांपडलेली आई असते. मुलाच्या पाठींत धपाटा घातल्यावर अर्ध्या घटकेनें तिचें तिलाच वाईट वाटतें. अशा आईच्या दारीं पोलीस पाठवून भागत नाहीं. आणि घरची गोष्ट म्हणून डोळेझांक करूनहि भागत नाहीं; कारण मार खाणारें मूल तिच्याहून कितीतरी दुबळें असतें आणि त्याला जावयास दुसरें घर नसतें. मग मुलांच्या शारीरिक शिक्षेला बंदी घालणारा कायदा अंमलांत आणावयाचा तरी कसा? या प्रश्नाला पहिल्यानें हात घातला तो स्वीडननें. म्हणून त्या देशाचा अनुभव जाणून घेण्यासारखा आहे.

स्वीडनमध्येंहि हा बदल एका दिवसांत झाला नाहीं. तेथील माध्यमिक शाळांतून छडी १९२८ सालीं गेली. प्राथमिक शाळांतून ती जाण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. घरापुरतें बोलावयाचें तर जुन्या कायद्यानें आईबापांना मुलांस शिक्षा करण्याचा हक्क दिलेला होता. १९४९ च्या नव्या कौटुंबिक कायद्यांत 'शिक्षा' हा शब्द काढून त्याच्या जागीं 'कानउघाडणी' या अर्थाचा सौम्य शब्द घालण्यांत आला. पुढें १९५७ मध्यें, शिस्त लावतांना मुलाला किरकोळ इजा झाल्यास आईबापांना दोषमुक्त करणारें फौजदारी कायद्यांतील कलम रद्द झालें. १९६६ मध्यें कानउघाडणीचा तो सौम्य शब्दहि वगळण्यांत आला. कागदावर पाहूं गेल्यास मुलाला मारण्याची परवानगी आतां कोठेंच उरली नव्हती.

परंतु परवानगी काढून घेणें आणि मनाई करणें यांत अंतर असतें. तें किती मोठें आहे, हें पुढील दहा वर्षांत दिसून आलें. १९७१ सालीं एका लहान मुलीचा सावत्र बापाच्या मारानें मृत्यु झाला, आणि त्या घटनेनें अस्वस्थ झालेल्या लोकांनीं 'ब्रिस' या नांवानें ओळखली जाणारी, मुलांच्या हक्कांसाठीं झटणारी संस्था स्थापन केली. नंतर १९७५ च्या सुमारास आपल्या तीन वर्षांच्या मुलीला मारणारा एक बाप न्यायालयापुढें उभा राहिला आणि निर्दोष सुटला. बापाला शिक्षा करण्याचा जो हक्क आहे त्याची मर्यादा त्यानें ओलांडल्याचें सिद्ध होत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. जो हक्क कायद्याच्या पुस्तकांतून नाहींसा झाला होता, तो न्यायदानाच्या संवयींत जसाच्या तसा शिल्लक होता. कायदा गप्प राहिला, कीं लोक त्याच्या मौनाचा अर्थ जुन्या वहिवाटीप्रमाणें लावतात, हा धडा या प्रकरणानें दिला.

१९७७ मध्यें मुलांच्या हक्कांचा विचार करण्यासाठीं सरकारनें एक आयोग नेमला. त्याच्या शिफारशीवरून मांडलेलें विधेयक मार्च १९७९ मध्यें 'रिक्सडाग' या स्वीडनच्या विधिमंडळापुढें आलें आणि सहांविरुद्ध २५९ मतांनीं संमत झालें. १ जुलै १९७९ पासून तो कायदा अंमलांत आला. घरांतहि मुलाला मारण्यास स्पष्ट शब्दांत मनाई करणारा हा जगांतील पहिला कायदा होय. १९८३ सालीं त्याच्या शब्दांत सुधारणा झाली. मुलाला संगोपन, सुरक्षितता आणि चांगलें वळण मिळण्याचा अधिकार आहे. त्याचें व्यक्तित्व मानून त्याच्याशीं वागावें. त्याला शारीरिक शिक्षा करूं नये व अपमानकारक वागणूक देऊं नये, असा त्याचा सारांश आहे.

या कायद्याचीं दोन वैशिष्ट्यें ध्यानांत घेतलीं पाहिजेत. पहिलें असें, कीं त्यांत 'सौम्य मार' आणि 'कठोर मार' असा भेद ठेवलेला नाहीं. हा भेद वरवर मोठा शहाणपणाचा वाटतो. परंतु तो कोठून आला हें पाहिलें म्हणजे त्याचें खरें रूप कळतें. इंग्लंडमध्यें ईस्टबोर्न गांवीं थॉमस हॉप्ली नांवाचा एक शिक्षक होता. एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला गणित येत नव्हतें. तो मुद्दाम हट्ट करतो असें वाटून या शिक्षकानें त्याला बडविण्याची बापाकडून पत्रानें परवानगी मिळविली, आणि रात्रीं इतका वेळ मारलें कीं मुलगा मेला. १८६० सालीं या खटल्यांत हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. परंतु त्याच निवाड्यांत सरन्यायाधीश कॉकबर्न यांनीं असें तत्त्व सांगितलें, कीं बापाला, आणि बापानें अधिकार दिल्यास शिक्षकाला, मुलास मध्यम व वाजवी प्रमाणांत शारीरिक शिक्षा करतां येते. म्हणजे 'वाजवी मार' या कल्पनेवर न्यायालयाची मोहोर उमटली ती एका मुलाच्या मृत्यूच्या खटल्यांत! इंग्रजी कायद्याच्या छायेखालीं वाढलेल्या अनेक देशांत हीच कल्पना पुढें दीर्घकाळ वावरली. वाजवीची सीमा मारणाऱ्याच्या रागावर ठरते, आणि राग आला असतां तराजू कोणाच्याच हातीं नसतो. स्वीडननें ही सीमा आंखण्याचा नादच सोडून दिला.

दुसरें वैशिष्ट्य याहून चमत्कारिक वाटेल. या मनाईच्या कलमांत शिक्षाच सांगितलेली नाहीं. मूल मारल्याबद्दल दंड किती, कैद किती, याचा तेथें उल्लेख नाहीं. इजा करणारी मारहाण झाली तर ती कोणत्याहि मारहाणीप्रमाणें फौजदारी कायद्याखालीं येते. परंतु एका चापटीसाठीं आईला तुरुंग दाखविण्याचा या कायद्याचा हेतु नव्हता. त्याचे हेतु तीन होते. मुलांना मारण्याविषयींचें लोकमत बदलावें, हा पहिला. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना आईबापांशीं बोलतांना निश्चित आधार मिळावा, हा दुसरा. आणि ज्या घरांत प्रसंग हाताबाहेर जाण्याचा संभव आहे तें घर लवकर ओळखूं येऊन त्याला मदत पोंचावी, हा तिसरा. परिचारिकेनें पूर्वीं 'मारूं नका' म्हटलें असतें, तर तें तिचें वैयक्तिक मत ठरलें असतें. आतां तिच्या मागें देशाचा कायदा उभा राहिला. मुलालाहि याचा उपयोग होता. आपण बोललों तर आई तुरुंगांत जाईल अशी ज्याला भीति वाटते, तें मूल कधींच बोलत नाहीं.

कलमांत शिक्षा नाहीं म्हणून सरकार स्वस्थ बसलें असतें, तर हा कायदा पुस्तकांतच राहिला असता. दुधाच्या खोक्यांचा उल्लेख वर आलाच आहे. त्याखेरीज न्यायखात्यानें सोळा पानांची एक पुस्तिका काढून मुलें असलेल्या प्रत्येक घरीं पाठविली. न मारतां मुलें वाढवितां येतील काय, असा प्रश्नच तिच्या मथळ्यांत विचारला होता, आणि मारण्याऐवजीं काय करावें हें आंत सांगितलें होतें. परदेशांतून येऊन राहिलेल्या कुटुंबांसाठीं तिचीं निरनिराळ्या भाषांत भाषांतरें झालीं. दोन वर्षांत, म्हणजे १९८१ पर्यंत, देशांतील ९० टक्क्यांहून अधिक कुटुंबांना या कायद्याची माहिती झाली होती. एखादा कायदा झाल्याचें इतक्या घरांना इतक्या लवकर कळल्याचें उदाहरण विरळा.

यापेक्षांहि अधिक काम केलें तें आधींपासून उभ्या असलेल्या व्यवस्थेनें. स्वीडनमध्यें लहान मुलांच्या प्रकृतीची देखरेख करणारीं केंद्रें गांवोगांव आहेत. मूल जन्मल्यापासून शाळेंत जाईपर्यंत आईबाप तेथें वेळोवेळीं जातात. वजन, लस, दूध यांच्या बोलण्याबरोबरच मुलाचा हट्ट, रात्रीचें रडणें, जेवतांनाचा त्रागा यांविषयींहि परिचारिका तेथें बोलते. १९७४ पासून मुलाच्या संगोपनासाठीं आईप्रमाणें बापालाहि भत्त्यासह रजा मिळूं लागली होती. हात उगारला जातो तो पुष्कळदां थकव्यामुळें व एकटेपणामुळें. म्हणून आईबापांचा थकवा कमी करणारी प्रत्येक सोय ही या कायद्याची अंमलबजावणीच होय.

लोकांचें मन तयार करण्यांत एका लेखिकेचाहि वांटा होता. आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालकथा अनेक देशांतील मुलें वाचतात. ऑक्टोबर १९७८ मध्यें, म्हणजे कायदा होण्यापूर्वीं कांहीं महिने, फ्रँकफुर्ट येथें जर्मन ग्रंथविक्रेत्यांचा शांतता-पुरस्कार स्वीकारतांना त्यांनीं एका आईची हकीकत सांगितली. मुलाच्या हातून कांहीं अपराध झाला, तेव्हां तिनें त्याला मार देण्यासाठीं त्यालाच छडी शोधून आणावयास पाठविलें. मुलगा पुष्कळ वेळानें रडत परत आला. छडी मिळाली नव्हती. पण आईनें फेंकून मारावा म्हणून त्यानें एक दगड आणला होता. आईला दुखवावयाचेंच आहे, तर तें दगडानेंहि होईल, इतकाच त्याचा हिशेब! त्या क्षणीं आईनें तो प्रसंग मुलाच्या डोळ्यांनीं पाहिला. तिनें त्याला जवळ घेतलें, दोघेंहि रडलीं, आणि तो दगड तिनें स्वयंपाकघरांतील फळीवर कायमचा ठेवून दिला. आई मारते तेव्हां तिच्या मनांत शिस्त असते, परंतु मुलाच्या मनापर्यंत पोंचतें तें एवढेंच, कीं आपलें माणूस आपल्याला दुखवूं इच्छितें. या कायद्याचें सारें समर्थन त्या एका हकीकतींत आलें आहे.

आक्षेप अर्थातच निघाले. सरकार घरांत शिरतें, चांगल्या आईबापांना गुन्हेगार ठरवितें, असें कांहीं जणांनीं म्हटलें. स्टॉकहोममधील एका धर्मपंथाच्या कांहीं आईबापांना मुलांना शारीरिक शिक्षा देणें हें आपलें धर्मकर्तव्य वाटत होतें. त्यांनीं युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली. १९८२ सालीं आयोगानें ती फेटाळली. या मनाईच्या कलमाला स्वतःची शिक्षा नाहीं, आणि मारहाणीचा सर्वसाधारण कायदा आईबापांनाहि लागूं असणें यांत कुटुंबाच्या खासगी जीवनावर आक्रमण होत नाहीं, असा त्या निर्णयाचा रोख होता.

लोकमत आधीं कीं कायदा आधीं, हा प्रश्न येथें सहजच उद्भवतो. स्वीडनमध्यें १९६५ सालीं घेतलेल्या पाहणींत ५३ टक्के लोकांना मुलें वाढवितांना शारीरिक शिक्षा आवश्यक वाटत होती. १९७९ पर्यंत हें प्रमाण सुमारें २६ टक्क्यांवर आलें होतें, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तें ११ टक्के उरलें. म्हणजे वारा आधींच फिरला होता. कायद्यानें त्याला दिशा आणि बळ दिलें. न्यूझीलंडची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें २००७ मध्यें आईबापांना 'वाजवी बळ' वापरण्याची मुभा देणारें कलम बदलण्यांत आलें. त्याविषयीं इतका वाद माजला, कीं २००९ मध्यें सार्वमत घेतलें गेलें. वळण लावण्यासाठीं मारलेली चापट हा गुन्हा असावा काय, या प्रश्नाला मतदान करणाऱ्यांपैकीं सुमारें ८७ टक्के लोकांनीं 'नाहीं' असें उत्तर दिलें. कायदा त्यानंतरहि कायम राहिला. परंतु ज्या घरांना कायदा पटलेला नाहीं, त्या घरांत त्याचें काम किती अवघड होतें, हें या आंकड्यावरून कळतें.

स्वीडनमध्यें कायद्यानंतर मुलांवरील मारहाणीच्या तक्रारी वाढल्या, याकडेहि टीकाकार बोट दाखवितात. तक्रारी वाढल्या हें खरें आहे; परंतु त्यावरून मारहाण वाढली असें म्हणतां येत नाहीं. पूर्वीं ज्याला कोणी तक्रारीचा विषय मानीत नव्हतें, त्याकडे आतां शेजारी, शिक्षक आणि परिचारिका लक्ष देऊं लागल्या, हें त्याचें अधिक सयुक्तिक कारण दिसतें. या आंकड्यांच्या अर्थाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. मारण्याच्या परिणामांविषयीं मात्र पुरावा बराच जमला आहे. २०१६ सालीं टेक्सास व मिशिगन या अमेरिकन विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं पन्नास वर्षांतील ७५ अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांत सुमारें १ लक्ष ६० हजार मुलांची माहिती आलेली होती. मारण्यानें मुलें पुढें अधिक आज्ञाधारक होतात असें त्यांना आढळलें नाहीं. उलट मारण्याचा संबंध मुलांच्या आक्रमक वागण्याशीं व मानसिक त्रासाशीं दिसून आला. मारानें मूल तेवढ्यापुरतें थांबतें, म्हणून मारणाऱ्याला तो उपाय लागूं पडल्यासारखा वाटतो. पण तें थांबतें भीतीनें. चूक कळल्यामुळें नव्हे. म्हणून पाठ फिरली कीं तीच चूक पुन्हां होते, आणि ती लपविण्याची कला तेवढी मूल शिकतें.

आतां भारताकडे वळावयास हरकत नाहीं. कारण 'वाजवी मारा'ची जी कल्पना इंग्लंडमध्यें १८६० सालीं मान्य झाली, तिच्याशीं जुळणारी तरतूद त्याच सालीं भारतीय दंडसंहितेंतहि आली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठीं पालकानें, किंवा पालकाच्या संमतीनें दुसऱ्यानें, सद्भावनेनें केलेलें कृत्य गुन्हा होत नाहीं, असें त्या संहितेच्या ८९ व्या कलमांत म्हटलें होतें. त्यांत मारण्याचा शब्दहि नव्हता. परंतु या व अशाच कलमांचा आधार छडी मारणाऱ्या शिक्षकांना न्यायालयांतून अनेकदां मिळाला. शिस्तीसाठीं छडी वापरणाऱ्या मुख्याध्यापकानें गुन्हा केला नाहीं, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा १९४९ च्या कायदे-अहवालांत छापलेला आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. पण सद्भावनेचें तें कलम २७ व्या क्रमांकानें तिच्यांतहि कायम आहे.

शाळेच्या बाबतींत मात्र चित्र पालटलें आहे. भारतानें डिसेंबर १९९२ मध्यें संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क-करार मान्य केला. १ डिसेंबर २००० रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें तेथील शालेय नियमांतील छडीची परवानगी रद्द ठरविली. गोव्यानें २००३ च्या बालक-कायद्यानें शाळांतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली. पुढें १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क-कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास देशभर मनाई केली. जो शिक्षक ती मोडील त्याच्यावर नोकरीच्या नियमांप्रमाणें शिस्तभंगाची कारवाई सांगितली. बालगृहांसारख्या संस्थांसाठीं २०१५ चा बालन्याय-कायदा आहे. तेथें मुलाला शारीरिक शिक्षा करणाऱ्याला पहिल्या वेळीं दहा हजार रुपये दंड, आणि पुन्हां तसें केल्यास तीन महिनेपर्यंत कैद होऊं शकते. राहिलें तें घर. घरांत दिलेल्या माराला स्पष्ट मनाई करणारा कायदा भारतांत नाहीं. शेजारच्या नेपाळनें तो २०१८ मध्यें केला. जगांतील साठांहून अधिक देश आज या यादींत आहेत.

शाळेला बंदी आणि घराला मुभा, या अर्ध्या व्यवस्थेंत एक मोठी अडचण आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानें २००७ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतील १२,४४७ मुलें तींत होतीं, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा हीं दोन्ही होतीं. शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं ६५ टक्के मुलांनीं शाळेंत मार खाल्ल्याचें सांगितलें. कुटुंबांत ज्यांना मारहाण झाली, त्या मुलांपैकीं जवळजवळ ८९ टक्के मुलांच्या बाबतींत मारणारे हात आईबापांचेच होते. ज्या घरीं मार ही रोजची गोष्ट आहे, तें घर शाळेच्या बंदीला शाळेचा दुबळेपणा समजतें. मुलाला शाळेंत पोंचविणारे आईबापच शिक्षकांना सांगतात, कीं तो ऐकत नसेल तर खुशाल दोन ठेवून द्या. असें सांगण्यांत त्यांना वावगें कांहींच वाटत नाहीं. कारण तेहि तसेंच वाढलेले असतात. 'आम्हीहि मार खाऊनच मोठे झालों' हें वाक्य सुशिक्षित घरांतहि मोठ्या अभिमानानें उच्चारलें जातें. मार खाऊन मोठे झालों, हें खरें. मारामुळें मोठे झालों, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं. त्या मोठेपणाच्या मागें कोणी रात्रीं जागून वाचून दाखविलेलें असतें, कोणी फी भरण्यासाठीं दागिना मोडलेला असतो. श्रेय द्यावयाचें तर त्याला द्यावें.

महाराष्ट्राला हा विचार परका नाहीं. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक तेथें त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढें १९४५ मध्यें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं त्यांनीं आपलें कार्य सुरू केलें. मुलाला धाक दाखवूं नये, तसेंच लालूचहि दाखवूं नये, हें या पंथाचें सूत्र होतें. स्वीडनचा कायदा होण्यापूर्वीं कितीतरी वर्षें मराठी पालकांच्या हातीं हा विचार मराठी भाषेंतच येत होता. उणीव राहिली ती विचाराची नव्हे, तो घरोघर नेणाऱ्या व्यवस्थेची.

उद्यां असा कायदा भारतांत झाला, तर त्याची कसोटी न्यायालयांत किती खटले गेले यावर लागणार नाहीं. अंगणवाडीच्या सेविकेला आईशीं बोलण्यास वेळ व शिक्षण मिळालें काय, लसीकरणाच्या दिवशीं मुलाच्या हट्टाविषयीं चार शब्द निघतात काय, शाळेच्या पालकसभेंत गुणांखेरीज दुसरें कांहीं बोललें जातें काय, यावर ती लागेल. १०९८ हा क्रमांक संकटांत सांपडलेल्या मुलांसाठीं आहे. १९९६ सालीं मुंबईंतच या सेवेची सुरुवात झाली. परंतु तो क्रमांक फिरविण्याची वेळ येण्यापूर्वीं मदत पोंचणें, हेंच खरें काम आहे.

आणि कायद्याची वाट न पाहतां घरांत करण्यासारखेंहि पुष्कळ आहे. प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेगडीकडे धांवणाऱ्या मुलाचा हात ओढणें, रस्त्यावर पळणाऱ्याला घट्ट धरणें, ही शिक्षा नव्हे. स्वीडनचा कायदाहि त्याच्या आड येत नाहीं. धोक्यापासून मूल वांचविणारा हात आणि राग काढण्यासाठीं उगारलेला हात, यांतील फरक मुलाला ताबडतोब कळतो. न मारणें म्हणजे मुलाला मोकाट सोडणेंहि नव्हे. 'नाहीं' हा शब्द घरांत असलाच पाहिजे. परंतु तो सकाळीं जितका खरा, तितकाच संध्याकाळींहि खरा असावा. जें आज चालतें आणि उद्यां ज्यासाठीं मार बसतो, त्यापासून मूल नियम शिकत नाहीं. तें मोठ्यांच्या लहरीचा अंदाज बांधावयास शिकतें.

शहरांतील घरांत हात उगारला जाण्याची वेळ बहुधा ठरलेली असते. संध्याकाळ झालेली असते, कुकर लावलेला असतो, दुसऱ्या दिवशीं गणिताची परीक्षा असते, आणि पांच वेळां सांगूनहि मुलाचें उत्तर चुकतें. त्या क्षणीं मुलाला गणित येत नसतें आणि आईला धीर राहिलेला नसतो. दोघांनाहि मदत पाहिजे असते. अशा वेळीं वही मिटून दहा मिनिटें बाजूला ठेवली, बापानें वर्तमानपत्र खालीं ठेवून मुलाजवळ बसण्याची पाळी घेतली, किंवा आजोबांनीं त्याला खालच्या दुकानापर्यंत फिरवून आणलें, तर गणिताचें कांहींच बिघडत नाहीं. हात उगारून झाल्यावर ज्याला वाईट वाटतें, त्यानें तें मुलाला सांगावें. 'चुकलों' असें म्हटल्यानें आईबापांचा मान कमी होत नाहीं. उलट चूक कबूल कशी करावी, हें मूल तेव्हांच शिकतें.

स्वीडनमध्यें दुधाचे ते पेले ज्यांनीं रिकामे केले, तीं मुलें आज पन्नाशीच्या घरांत आहेत. त्यांचीं मुलें मोठीं झालीं, कित्येकांना नातवंडेंहि झालीं असतील. त्या देशांत आतां हा कायदा खोक्यांवर छापावा लागत नाहीं. ज्या मुलाला घरांत मार बसला नाहीं, त्याला तो पुढें देण्याची आठवण होत नाहीं. आणि कायदा खऱ्या अर्थानें अंमलांत आला असें म्हणावयाचें तें त्याच दिवशीं.